हृदयाचे रिपोर्ट हातात, पुढची तपासणी बाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी ईसीजी झाला, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. डॉक्टर म्हणाले, "अँजिओग्राफी करून घ्या." म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी. तारीख मिळाली कोल्हापूरची, मुंबईची नाहीतर गोव्याची, तीही दहा-पंधरा दिवसांनंतरची. मधल्या दिवसांत घरात तीच फाइल पुन्हा पुन्हा उघडली जाते आणि त्यातला प्रत्येक शब्द भीतीदायक वाटू लागतो. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या घरांतून नेहमी येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. ही माहिती रिपोर्ट समजून घेण्यासाठी आहे. गोळ्यांचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच.

ईसीजीवर मशीनने 'ॲबनॉर्मल ईसीजी' छापलंय. म्हणजे ॲटॅक येऊन गेला का?

त्या एका ओळीवरून तसं म्हणता येत नाही. वरच्या कोपऱ्यातला तो मजकूर मशीन आपोआप छापतं. लाटांची मापं घ्यायची आणि ठरलेल्या मर्यादेबाहेर काही दिसलं की शेरा मारायचा, एवढंच त्याला येतं. छातीत दुखतंय की नाही, बीपी किती वर्षांपासून आहे, पाच वर्षांपूर्वीचा ईसीजी कसा होता, यातलं त्याला काहीच ठाऊक नसतं. म्हणून बऱ्याच कागदांवर शेजारीच 'अनकन्फर्म्ड' असंही छापलेलं असतं. डॉक्टरांनी पाहून सही केलेली नाही, असा त्याचा अर्थ.

शिवाय चुका होतात. ईसीजीला १० इलेक्ट्रोड लागतात: हातापायांना ४, छातीवर ६. डाव्या-उजव्या हाताच्या वायरी अदलाबदल झाल्या तर लाटा उलट्या उमटतात आणि कागदावर भलतंच निदान येतं. छातीवर चिकटवायचे रबरी चेंडू, म्हणजे तेच इलेक्ट्रोड, एक बरगडी वर लागले, आणि बायकांच्या बाबतीत हे वारंवार होतं, तर 'पुअर आर वेव्ह प्रोग्रेशन' किंवा 'जुना ॲटॅक असण्याची शक्यता' असं मशीन छापून मोकळं होतं. आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने चेंडू सरकतात, रेघ थरथरते, तेही धरायला हवं. शंका आली तर अंग कोरडं पुसून, पेशंटला पाच मिनिटं शांत झोपवून ईसीजी पुन्हा काढायला सांगा. त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

जुना ईसीजी मात्र जरूर शोधा. मोतीबिंदूच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनआधी काढलेला चालतो. तोच बदल सहा वर्षांपूर्वीही होता असं दिसलं, तर डॉक्टरांचा अर्धा विचार तिथेच बदलतो.

त्या चौकटींवरून घरच्यांना काही वाचता येतं का?

ठोके मोजता येतात, त्यापलीकडे जाऊ नये. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो. एक लहान चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, पाच लहान चौकटींची एक मोठी म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच टोकांमध्ये किती मोठ्या चौकटी आहेत ते मोजा आणि ३०० ला त्या आकड्याने भागा. चार चौकटी असतील तर ठोके मिनिटाला ७५. टोकांमधलं अंतर कमी-जास्त होत असेल तर हा हिशेब चुकतो. मग २५ सेंटिमीटर लांबीच्या पट्टीतली टोकं मोजून ६ ने गुणायचं.

आरबीबीबी, टी इन्व्हर्जन, एएफ हे काय?

आरबीबीबी म्हणजे उजव्या बाजूच्या विद्युतवाहिनीत सिग्नल उशिरा पोहोचतोय. 'ब्लॉक' शब्दाने घाबरायला होतं, पण याचा रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजशी थेट संबंध नाही. निरोगी माणसांतही तो सापडतो. डाव्या बाजूचा, म्हणजे एलबीबीबी, जास्त गंभीरपणे घेतला जातो. तो नव्याने आला असेल आणि छातीत दुखत असेल तर थांबायचं नाही. 'टी वेव्ह इन्व्हर्जन' रक्तपुरवठा कमी झाल्यानेही येतं आणि जुन्या बीपीने स्नायू जाड झाल्यानेही, म्हणून पुढची तपासणी. 'एलव्हीएच' म्हणजे तोच जाड झालेला स्नायू. 'सायनस टॅकिकार्डिया' म्हणजे ठोके नियमित पण १०० च्या वर. ताप, रक्त कमी असणं, थायरॉइड, नुसती धास्ती, कशानेही होतं.

एएफमध्ये मात्र ठोक्यांची लयच विस्कटलेली असते. त्यात हृदयात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचा प्रश्न पुढच्या तारखेपर्यंत ढकलू नका. कागदावर हा शब्द असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना विचारा.

ईसीजीचा कागद पुसट होत चाललाय.

तो थर्मल कागद असतो. उष्णता, दमट हवा, प्लास्टिकची पिशवी, सगळं त्याला बाधतं, आणि कोकणात पावसाळ्यात कपाटातही तो पिवळा पडतो. काढला त्याच दिवशी झेरॉक्स करा आणि मोबाइलवर सपाट, उजेडात फोटो घ्या. लॅमिनेशन अजिबात नको. गरम रोलरखालून गेला की कागद काळा पडतो आणि रेघ कायमची जाते.

इकोमध्ये 'एलव्हीईएफ ६० टक्के' आलं. म्हणजे हृदय ४० टक्के निकामी?

नाही, ६० टक्के हा चांगला आकडा आहे. डाव्या कप्प्यात १०० मिली रक्त भरलं तर एका ठोक्यात ६० मिली बाहेर पडतं, असा त्याचा अर्थ. कोणाचंच हृदय पूर्ण रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे ठीक, ४१ ते ४९ म्हणजे थोडं कमी, ४० किंवा त्याखाली म्हणजे पंपिंग स्पष्टपणे कमी.

हा आकडा बघणाऱ्याच्या अंदाजावरही अवलंबून असतो. एका ठिकाणी ५५ आणि आठवड्याने दुसरीकडे ५० आलं म्हणजे हृदय आठवड्यात खचलं असं नव्हे. पाच-सात टक्क्यांचा फरक मापण्यातलाच असू शकतो. ६० वरून ३५ झालं, तर ती वेगळी गोष्ट.

इकोमधल्या बाकीच्या ओळींत कशाकडे बघायचं?

'आरडब्ल्यूएमए' हा शब्द शोधा. हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग बाकीच्यांइतका हलत नाही, असं तो सांगतो. त्या भागाची रक्तवाहिनी तपासायला हवी, म्हणून अँजिओग्राफीचा सल्ला बहुधा इथूनच आलेला असतो. 'नो आरडब्ल्यूएमए' असेल तर ते चांगलं.

'ट्रिव्हियल एमआर', 'ट्रिव्हियल टीआर' म्हणजे झडपेतून किंचित गळती. ती असंख्य निरोगी माणसांत दिसते. 'ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन', म्हणजे ठोक्यांच्या मध्ये हृदय किंचित कमी सैलावणं, साठीनंतर त्यातही बीपी-शुगर असेल तर, अगदी नेहमीचं. 'नो क्लॉट, नो पीई' मधल्या पीईचा अर्थ हृदयाभोवतीचं पाणी. ते नाही, एवढंच तिथे लिहिलंय.

ईसीजी, इको दोन्ही नॉर्मल. मग अँजिओग्राफी कशाला? पैसे काढायला?

संशय समजू शकतो, पण कारण खरं असू शकतं. ईसीजी आणि इको पेशंट पडून असताना काढतात. नळी अर्धी-पाऊण बुजलेली असली तरी विश्रांतीत हृदयाला पुरेसं रक्त मिळतं आणि दोन्ही तपासण्या स्वच्छ येतात. तुटवडा पडतो तो घाटी चढताना, पाण्याची कळशी आणताना, बागेत आंब्याची पेटी उचलताना. चालल्यावर छातीत दडपण येतं आणि थांबल्यावर पाच मिनिटांत जातं, हे डॉक्टरांना सांगितलेलं वाक्य नॉर्मल ईसीजीपेक्षा वजनदार असतं.

तरी विचारायचा हक्क तुमचा आहे: "आधी टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) किंवा सीटी अँजिओ (सीटी स्कॅनने रक्तवाहिन्यांची चित्रं) करून चालेल का? नसेल तर का?" चांगला डॉक्टर दोन मिनिटांत उत्तर देतो.

टीएमटी 'पॉझिटिव्ह' आलीय.

टीएमटीत पट्ट्यावर चालवतात आणि बहुधा ब्रूस पद्धतीने दर ३ मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. पहिला टप्पा ताशी २.७ किलोमीटर आणि १० टक्के चढ. ठोक्यांचं लक्ष्य २२० वजा वय, त्याचे ८५ टक्के. म्हणजे ५८ वर्षांच्या माणसाला १६२ चे ८५ टक्के, सुमारे १३८.

पॉझिटिव्ह म्हणजे श्रम वाढल्यावर ईसीजीतला एसटी भाग साधारण १ मिलिमीटर किंवा अधिक खाली गेला. त्यावरून ब्लॉकेजचा संशय बळावतो, खात्री होत नाही. बायकांमध्ये आणि स्नायू जाड झालेल्यांमध्ये खोटी पॉझिटिव्ह बऱ्याचदा येते. म्हणून नुसता शब्द न बघता तीन गोष्टी वाचा: किती मिनिटं चालले, छातीत दुखलं का, बीपी खाली आलं का. नऊ मिनिटं त्रास न होता चाललेल्याची पॉझिटिव्ह आणि तिसऱ्याच मिनिटाला छाती धरून उतरलेल्याची पॉझिटिव्ह, दोन्ही एकाच मापाने मोजू नयेत. दुसऱ्याची तारीख पुढची असेल तर ती अलीकडे आणायला सांगा.

'इनकन्क्लुझिव्ह' म्हणजे नापास नाही. गुडघ्यामुळे किंवा दम लागल्यामुळे ठोक्यांचं लक्ष्य गाठता आलं नाही, की असं लिहितात. मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी करणारी गोळी चालू असली तरी असंच होतं. ती गोळी आपल्या मनाने बंद करून टीएमटीला जाऊ नका.

ट्रोपोनिन एका लॅबमध्ये ०.०३ आणि दुसरीकडे ३०. हजारपट वाढलं?

एकक बघा. ०.०३ नॅनोग्रॅम प्रति मिली आणि ३० नॅनोग्रॅम प्रति लिटर हे एकच. काही लॅब ३० पिकोग्रॅम प्रति मिली लिहितात, तेही तेच. शिवाय प्रत्येक लॅबची नॉर्मल मर्यादा तिच्या किटनुसार असते, म्हणून बाजूला छापलेल्या मर्यादेशीच तुलना करा.

ट्रोपोनिन हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरतं, पण त्याला वेळ लागतो. दुखायला लागून एक तास झालेला असताना काढलेलं ट्रोपोनिन निगेटिव्ह असलं तर ते निर्धास्त करत नाही. काही तासांनी पुन्हा काढावंच लागतं. उलट किडनीचा आजार, जंतुसंसर्ग, हार्ट फेल्युअर यांतही ते वाढलेलं असतं. वाढत चाललंय की एकाच पातळीवर आहे, यावरून डॉक्टर ठरवतात.

सीटी अँजिओ आणि साधी अँजिओग्राफी यात फरक काय?

सीटीत हाताच्या शिरेतून औषध देऊन बाहेरून चित्रं घेतात. ठोके ६५ च्या आत असले तर चित्र स्वच्छ येतं, म्हणून आधी गोळी देतात. नळ्यांत कॅल्शियम फार असेल तर सीटीला ब्लॉकेज नीट मोजता येत नाही. नळ्यांतल्या कॅल्शियमचं माप, म्हणजे कॅल्शियम स्कोअर, शून्य आला तर धोका कमी असतो, पण मऊ चरबीचा थर त्यात दिसत नाही.

साध्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी थेट हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेतात. मुख्य धमनीत ७० टक्के, तर डाव्या मूळ धमनीत ५० टक्के अडथळा महत्त्वाचा मानतात. मधल्या आकड्यांसाठी एफएफआर नावाचं दाबाचं माप आहे. ०.८० किंवा कमी आलं तर त्या अडथळ्याने खरंच रक्त अडतंय असं धरतात.

आईला कोळंबी आणि शिंपल्यांची ॲलर्जी आहे. अँजिओग्राफीच्या औषधात आयोडीन असतं म्हणे?

आपल्या किनाऱ्यावर हमखास येणारा प्रश्न. कोळंबी-कुर्ल्यांची ॲलर्जी त्यांच्या मांसातल्या प्रथिनामुळे होते, आयोडीनमुळे नाही. त्यामुळे केवळ तेवढ्यावरून अँजिओग्राफी टाळायचं कारण नाही. डॉक्टरांना सांगा, पण घाबरून तारीख रद्द करू नका. जास्त महत्त्वाचं वेगळंच आहे: पूर्वी एखाद्या सीटी स्कॅनच्या इंजेक्शनने अंगावर गांधी उठल्या होत्या का, घसा आवळला होता का? तसं झालं असेल तर ते ठळक लिहून द्या.

क्रिएटिनिन कशासाठी मागतात?

क्रिएटिनिन ही किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी. अँजिओग्राफीत दिलेलं औषध किडनीतून बाहेर पडतं. किडनी आधीच कमजोर असेल तर औषध कमीत कमी वापरतात, सलाइन देतात. शुगरसाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर ती कधी थांबवायची ते विचारा. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर त्या दिवशी आणि नंतर ४८ तास बंद ठेवायला सांगतात. कंबरदुखीच्या गोळ्या या काळात किडनीच्या मुळावर येतात. वैद्याचा नवा काढाही आत्ता सुरू करू नका.

तारखेपर्यंत थांबणं सुरक्षित आहे का?

हे रिपोर्टमधल्या शब्दावरून ठरत नाही, त्रासावरून ठरतं. श्रमाने येणारं आणि विश्रांतीने जाणारं दडपण महिनोन्‌महिने एकसारखं असेल, तर डॉक्टर गोळ्या देऊन तारखेची वाट बघू देतात. पुढीलपैकी काहीही झालं तर तारीख विसरा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा: दुखणं बसल्या जागी किंवा झोपेत यायला लागलं; आधी चढावर यायचं, आता अंगणातही येतं; रात्री उशा रचल्याशिवाय झोपता येत नाही; चक्कर येऊन पडले; दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढून पाय सुजले.

रात्री छातीत दुखायला लागलं तर सरळ कोल्हापूरला न्यावं का?

नाही. आमचं सगळ्यात ठाम उत्तर हेच. दडपण १०-१५ मिनिटांहून जास्त टिकलं, घाम फुटला, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून आली, तर १०८ ला फोन करा आणि ईसीजी व इंजेक्शनची सोय असलेलं सर्वांत जवळचं हॉस्पिटल गाठा. मोठा ॲटॅक असेल आणि अँजिओप्लास्टी (बुजलेली रक्तवाहिनी फुग्याने उघडणं) १२० मिनिटांच्या आत होणं शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्यायचं, ही मान्य पद्धत आहे. ते पहिल्या १२ तासांत देता येतं, पण दर तासाला उपयोग घटतो. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर. पावसात, धुक्यात, एखादा ट्रक आडवा असताना त्या वाटेवर इंजेक्शनविना घालवलेले तीन तास परत मिळत नाहीत. इंजेक्शन घेऊन मग ॲम्ब्युलन्सने पुढे जा.

घरात दोन गोष्टी डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या: ॲस्पिरिन किती चावून खायचं (साधारण ३०० मिलिग्रॅम सांगतात, पण पोटात अल्सर किंवा रक्तस्राव झालेल्यांना नाही), आणि रक्तवाहिन्या सैल करणारी जिभेखालची गोळी, सॉर्बिट्रेट, द्यायची का. सॉर्बिट्रेट बसवूनच द्यायची, उभ्याने बीपी घसरून माणूस पडतो. बीपी आधीच कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी लैंगिक ताकदीची गोळी आदल्या दिवशी घेतली असेल तर द्यायची नाही. ही शेवटची गोष्ट पुरुष लाजेने लपवतात. लपवू नये.

"पित्त झालंय, सोडा घे, ओवा खा" यात कोकणातल्या घरांचे कितीतरी तास गेलेत. बायकांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये ॲटॅक नुसत्या मळमळीने, दम लागून किंवा घाम फुटूनही येऊ शकतो. ढेकर आल्याने बरं वाटलं, म्हणून तो गॅसच होता असं ठरत नाही.

तोवर काम, खाणं, फिरणं?

सपाटीवर सावकाश चालणं बहुतेकांना चालतं, दडपण आलं की थांबायचं. माडावर चढणं, पेट्या उचलणं, विहिरीतून पाणी ओढणं बंद. होडीवर जाणाऱ्यांनी तारखेपर्यंत समुद्रात जाऊ नये, कारण तिथे ना रेंज ना १०८.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक चमचा, स्वयंपाकातलं धरून. आपल्याकडे ते जेवणाच्या कडेने येतं: खारा बांगडा, लोणचं, पापड, मिरगुंडं, पेजेवर वरून घातलेली चिमूट. ताजा मासा आमटीत खुशाल खा, तळणीतला कमी करा. पंपिंग कमी असलेल्यांना पाणी मोजून सांगितलेलं असेल तर पेज, ताक आणि सोलकढीही त्यात मोजायची.

भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. किडनी कमजोर असेल किंवा रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या चालू असतील, तर रोजची दोन शहाळी त्रास देऊ शकतात. आधी विचारा.

मिश्री हाही तंबाखूच. "मी तंबाखू खात नाही" असं सांगणारी आजी दिवसातून चार वेळा मिश्री लावते, आणि बीपी का उतरत नाही हे कोणाला कळत नाही. बीपी मोजताना मिश्री आणि चहा अर्धा तास आधी नको. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, हात हृदयाच्या उंचीवर, एका मिनिटाच्या अंतराने दोन नोंदी. घरी १३५/८५ च्या वर सतत येत असेल तर वही डॉक्टरांना दाखवा.

तारखेला सोबत काय न्यायचं, आणि जायचं कसं?

सगळे ईसीजी तारखेनुसार लावून, मूळ प्रत आणि झेरॉक्स. इको, टीएमटीचा पूर्ण आलेख, रक्ताचे रिपोर्ट, जुनं डिस्चार्ज कार्ड. गोळ्यांची यादी नको, पाकिटंच न्या. यादीत नावं चुकतात. रेशन कार्ड आणि आधार सोबत असू द्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आणि आधी मंजुरी घेऊनच. दाखल होण्यापूर्वी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. गोव्याला जाणार असाल तर तिथे योजना चालेल का, हे निघण्याआधी विचारा.

उपाशी किती तास राहायचं ते हॉस्पिटल सांगेल, बहुधा चार ते सहा. बीपीची आणि रक्त पातळ करणारी गोळी घोटभर पाण्याने घ्यायची की नाही, तेही विचारा. इन्सुलिन घेऊन उपाशी प्रवासाला निघू नका. घाटात शुगर उतरली की छातीच्या दुखण्यासारखाच घाम फुटतो. शक्य असेल तर आदल्या दिवशी मुक्कामाला जा. त्रास स्थिर असलेल्यांना रेल्वे घाटापेक्षा सुखाची पडते. जिन्याजवळचा डबा आधी बघून ठेवा, कारण फलाटाचा पूल चढणं हीच काहींची टीएमटी होते. हृदयशस्त्रक्रियेसाठी जाणाऱ्यांना भाड्यात सवलत आहे, त्यासाठी हॉस्पिटलचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

परत येताना अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. कागदी अहवालात आकडे असतात. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं झालं तर त्यांना ती फिल्मच बघावी लागते.